फुटबॉलचे वार्षिक भविष्य

दिवाळी अंक घरात आला की तो बहुधा शेवटाकडून उघडला जातो. कथा, कविता, व्यंगचित्रे सारी मागाहून; आधी आपली रास! “आमचा काही विश्वास नाही बुवा,” असे म्हणत आजोबा चष्मा पुसतात आणि त्यांच्या खांद्यावरून आजी, सूनबाई, नातवंडे सगळीच डोकावू लागतात. अमेरिकेतही असेच एक वार्षिक भविष्य दरसाल छापले जाते. फरक एवढाच की ते दिवाळीत न निघता भर उन्हाळ्यात निघते आणि त्यात राशी बारा नसतात. २०२५ साली त्या १३६ होत्या! मेष, वृषभ, मिथुन यांच्या जागी तिथे टेक्सस, ओहायो स्टेट, अलाबामा अशी नावे असतात. हे भविष्य असते विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचे.

आता फुटबॉल म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल उभे राहतील. ते चित्र क्षणभर दूर सारायला हवे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लंबगोल असतो आणि तो पायाऐवजी बहुतेक वेळ हातातच असतो. प्रत्येक बाजूला अकरा गडी, मैदान १०० यार्डांचे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे; साधले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. असे सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. कबड्डीतली धरपकड आणि बुद्धिबळातले डावपेच एकत्र केले तर या खेळाची थोडीफार कल्पना येईल. विद्यापीठांमधला पहिला सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला.

आपल्याकडे आंतरविद्यापीठीय क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासून आहे. पण हंगामापूर्वी त्याचे भविष्य वाचण्यासाठी कोणी वर्तमानपत्राच्या टपरीवर रांग लावल्याचे ऐकिवात नाही. तिकडची गोष्टच निराळी. अ‍ॅन आर्बर या गावी मिशिगन विद्यापीठाचे मैदान आहे, १९२७ साली बांधलेले. त्यात १,०७,६०१ प्रेक्षक बसतात. आपले वानखेडे स्टेडियम तीनदा भरावे आणि तरीही काही हजार माणसे शिल्लक राहावीत, एवढी ही गर्दी! आठवड्याच्या बाजाराचा जसा वार ठरलेला, तसा या सामन्यांचा वार शनिवार. आज पुण्या-मुंबईच्या आणि नाशिक-नागपूरच्या कितीतरी घरांतली मुले-मुली त्या विद्यापीठांत शिकत आहेत. शनिवारी फोन केला आणि मागून ढोलताशासारखा गलका ऐकू आला, तर आईने घाबरून जाऊ नये. गावात सामना आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या सणांच्या हिशेबाने सांगायचे तर या हंगामाचा नारळ गणपतीच्या सुमारास फुटतो, दिवाळीत तो ऐन रंगात असतो आणि अंतिम निकाल संक्रांतीच्या आसपास लागतो. पण भविष्य वर्तवले जाते ते नारळ फुटण्यापूर्वीच. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून क्रीडा-वार्ताहरांची मते घेऊन संघांची क्रमवारी लावते, आणि १९५० पासून हंगाम सुरू होण्याआधीच पहिली यादी प्रसिद्ध करते. एकही सामना झालेला नसतो, एकही गुण नोंदलेला नसतो, तरी पहिला कोण, दुसरा कोण आणि पंचविसावा कोण हे ठरलेले असते. मुलगी पाहण्याआधीच पत्रिकेतले गुण मोजावेत, तसेच हे.

आणि या गुणांचे पुढे काय होते? २०१८ ते २०२५ हे आठ हंगाम घ्या. अलाबामा, क्लेमसन, क्लेमसन, अलाबामा, अलाबामा, जॉर्जिया, जॉर्जिया आणि टेक्सस, असे त्या त्या वर्षी आरंभीच्या यादीत पहिले आलेले संघ. प्रत्यक्षात विजेतेपद गेले अनुक्रमे क्लेमसन, लुइझियाना स्टेट, अलाबामा, जॉर्जिया, जॉर्जिया, मिशिगन, ओहायो स्टेट आणि इंडियाना यांच्याकडे. दोन्ही यादींतल्या जोड्या लावून पाहा. आठांपैकी एकही जुळत नाही! आमच्या गल्लीतल्या ज्योतिषीबुवांचे भाकीतसुद्धा इतक्या सातत्याने चुकत नाही.

त्यातही २०२५ चा हंगाम विशेष पाहण्यासारखा. यादीत पहिल्या स्थानावर टेक्सस होते. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डावाचा सूत्रधार, आर्च मॅनिंग हा मोठ्या घराण्यातला मुलगा. आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय हे तिघेही याच जागेवर खेळून नामांकित झालेले. घराण्याची गादी चालवणारा गवई रंगमंचावर येण्यापूर्वीच वाहवा मिळवतो, तसे काहीसे झाले. पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटने टेक्ससला १४-७ असे हरवले, आणि हंगामाअखेर अंतिम स्पर्धेच्या बारा संघांतही त्यांना जागा मिळाली नाही.

दुसऱ्या क्रमांकावर पेन स्टेट होते. आदल्या हंगामात ते उपांत्य फेरीपर्यंत गेले होते, त्यांचे बरेच कसलेले खेळाडू परत आले होते. कागदावर सारे ग्रह अनुकूल. २७ सप्टेंबरला ते घरच्या मैदानावर ऑरेगनकडून हरले. पुढच्या शनिवारी, तोवर एकही सामना न जिंकलेल्या लॉस एंजलिसच्या यू.सी.एल.ए. संघाकडून हरले. त्याच्या पुढच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्नकडून एका गुणाने हरले. दुसऱ्या दिवशी, बारावा हंगाम चालू असलेले प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना घरी बसवण्यात आले. सोळा दिवसांत होत्याचे नव्हते झाले! चौथ्या क्रमांकाचे क्लेमसन कसेबसे सात सामने जिंकून आणि सहा हरून थांबले.

मग विजेता कुठे होता? यादीत विसाव्या स्थानावर! ब्लूमिंग्टन या गावचे इंडियाना विद्यापीठ बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध; फुटबॉलमध्ये मोठ्या विद्यापीठांतले सर्वांत जास्त पराभव त्याच्या खात्यावर जमा होते. २०२३ साली बारापैकी नऊ सामने हरलेला हा संघ कर्ट सिग्नेटी यांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी अकरा विजय मिळाले, तरी जाणकार म्हणाले, “नशीब! सामने सोपे मिळाले.” २०२५ मध्ये या संघाने सोळाच्या सोळा सामने जिंकले. एका हंगामात सोळा विजय आणि शून्य पराभव असा पराक्रम याआधी येल विद्यापीठाने केला होता, तो १८९४ साली! १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीच्या संघाशी, त्याच्याच घरच्या मैदानावर, इंडियानाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या सत्रात चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न शिल्लक असताना क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन बारा यार्ड धावला आणि अंग झोकून त्याने रेषा गाठली. इंडियाना २७, मायामी २१.

तेव्हा प्रश्न असा की ही भाकिते निरर्थक समजायची का? आम्हाला तसे वाटत नाही. चुकतो तो क्रमांक. त्यामागची कारणमीमांसा पुष्कळदा वाचण्याजोगी असते. संघाचे भवितव्य पाहताना जाणकार मंडळी चार-पाच गोष्टी तपासतात आणि त्या घरबसल्या आपणही तपासू शकतो.

पहिली गोष्ट अर्थातच क्वार्टरबॅक. दुसरी, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाची, आघाडीची फळी. हे धिप्पाड गडी चेंडूला सहसा हातही लावत नाहीत, त्यांची नावे मथळ्यात येत नाहीत. पण घरात सकाळी सर्वांच्या आधी उठणाऱ्या बाईसारखे त्यांचे काम असते. ते नीट झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस चुकले तर सारे घर कोलमडते. तिसरी गोष्ट, गेल्या वर्षीचे किती खेळाडू परतले. विद्यापीठाचा संघ म्हणजे वाहती नदी. दरसाल पदवी घेऊन काही जण जाणार, नवे येणार. चौथी गोष्ट, सामन्यांचे वेळापत्रक. नियमित हंगामात सामने बाराच. त्यातले अवघड सामने घरी आहेत की परगावी, लागोपाठ आहेत की मध्ये विश्रांती आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. पाचवी गोष्ट प्रशिक्षक. इंडियानाने दाखवून दिले की शेवटची गोष्ट पहिल्या चारांना पुरून उरू शकते.

मात्र अलीकडे या पाच ग्रहांत सहावा येऊन बसला आहे, आणि तो म्हणजे पैसा. पूर्वी खेळाडूला शिष्यवृत्ती मिळे. खेळावर पैसे मिळवणे हा गुन्हा समजला जाई. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा जाहिरातींसाठी वापरू देऊन कमाई करण्याची मुभा मिळाली. विद्यापीठ बदलले की एक वर्ष बाहेर बसण्याची जुनी अटही गेली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली, आणि विद्यापीठांना स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. २०२५-२६ या वर्षासाठी ही मर्यादा, सर्व खेळ मिळून, प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. मेंडोझासुद्धा आधी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होता, तेथून तो इंडियानात आला. अर्धा संघ वर्षागणिक बदलू लागल्यावर भविष्य सांगणाऱ्याने पत्रिका मांडावी तरी कोणाची?

खेळाडूंना त्यांच्या घामाचे मोल मिळू लागले, हे चांगलेच झाले. मैदानावर लाखभर माणसे आणि दूरचित्रवाणीवर कोट्यवधी पाहणार, प्रशिक्षकाला गडगंज पगार, आणि अंगावर आघात सोसणाऱ्या पोराला मात्र जेवण आणि पुस्तके, हा न्याय नव्हता. पण याच पैशाच्या ओढीने काही गावांची कंबर मोडली. पश्चिम किनाऱ्यावर शतकाहून अधिक जुना असा एक विद्यापीठ-संघ होता, पॅक-१२ नावाचा. दूरचित्रवाणीच्या मोठ्या करारांच्या मागे लागून २०२४ पर्यंत त्यातली दहा विद्यापीठे बाहेर पडली. पॅसिफिकच्या काठावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन्ही चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या गटात जाऊन बसली! मागे राहिली दोनच, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. खेळात ती हरली नव्हती. त्यांची गावे लहान होती, एवढाच त्यांचा अपराध. एकत्र कुटुंब मोडताना ज्याच्या वाट्याला मागची पडवी येते, त्या धाकट्या भावाची आठवण यावी असेच हे घडले.

भाकितांचा आणखी एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. २०२४ पासून अंतिम स्पर्धेत बारा संघ घेतले जातात आणि त्यांची निवड एक समिती करते. समिती आपली पहिली यादी नोव्हेंबरात काढते, ही गोष्ट शहाणपणाची. तरीही ऑगस्टात ज्याला तिसरा म्हटले तो एक सामना हरला तर “असे व्हायचेच” म्हणायचे, आणि ज्याला यादीत स्थानच नव्हते तो चार सामने जिंकला तरी “अजून पाहू” म्हणायचे, हा मनुष्यस्वभाव आहे. शाळेत पहिल्या चाचणीत ‘हुशार’ ठरलेल्या मुलाचे आणि ‘सामान्य’ ठरलेल्या मुलाचे वर्षभर असेच होते, हे पालकांना आम्ही सांगायला नको.

आणि ज्यांची ही भविष्ये छापली जातात ते आहेत तरी कोण? बहुतेक अठरा ते तेवीस वर्षांचे तरुण. १९०५ साली या खेळात इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्या वर्षी नियम बदलले. आज शिरस्त्राणे आहेत, डॉक्टर आहेत, तरी गुडघा मोडायचा तो मोडतोच, आणि डोक्याला बसलेल्या धक्क्यांची चिंता संपलेली नाही. शंभर खेळाडूंमधले जेमतेम दोन पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये जातात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचे भविष्य कोणत्याही यादीत नसते. ते त्यांच्या पदवीत, त्यांनी निवडलेल्या विषयात आणि शाबूत राहिलेल्या शरीरात असते. संघाचा क्रमांक विचारणाऱ्यांनी “तुमच्याकडची किती मुले पदवी घेऊन बाहेर पडतात?” हेही विचारावे, असे आम्हाला वाटते.

तेव्हा आपला भाचा किंवा पुतणी तिकडे शिकत असेल आणि शनिवारी तिच्या संघाची काळजी वाहत असेल, तर तिला दोन गोष्टी सांगा. भविष्य अवश्य वाच, पण क्रमांक सोडून त्यामागची कारणे वाच. आणि पुढल्या ऑगस्टात यादी लागेल, तेव्हा पहिला कोण हे सगळेच पाहतील. तू विसावा कोण आहे तेही पाहून ठेव.