विश्लेषण : लाडकी बहीण ई-केवायसीत 'पती किंवा वडील' हा रकाना रिकामा असेल तर?

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थींना राज्य सरकारनं १८ सप्टेंबर २०२५ रोजी ई-केवायसी सक्तीची केली. आधी स्वतःचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी. त्यानंतर पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर गेलेला ओटीपी. अनेक जणी अडकल्या त्या या दुसऱ्या टप्प्यावर. नवरा वारलेला, वडीलही हयात नाहीत, मग क्रमांक टाकायचा कुणाचा?

दोन महिन्यांची मुदत १८ नोव्हेंबरला संपत होती. ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवताना महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी या महिलांसाठी मार्ग सांगितला. त्यांनी स्वतःची ई-केवायसी करायची आणि पती किंवा वडिलांचा मृत्यू दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश यांची प्रत जमा करायची.

सर्व्हर ढेपाळणं, ओटीपी उशिरा येणं हा वेगळा विषय. हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. माहितीचा आराखडा आखताना एका नात्याबद्दल जे गृहीत धरलं गेलं, त्याचा हा परिणाम आहे.

तक्ते आणि त्यांना जोडणारा धागा

सरकारी योजना असो की बँक, माहिती बहुतेक वेळा तक्त्यांमध्ये साठवलेली असते. एका तक्त्यात महिला, दुसऱ्यात पुरुष, असं समजा. महिलेच्या ओळीत एक जादा रकाना ठेवायचा आणि त्यात पुरुषाच्या ओळीचा क्रमांक लिहायचा, की दोन्ही तक्ते जोडले जातात. या जोडणाऱ्या रकान्याला 'फॉरेन की' म्हणतात.

तो रकाना आखतानाच ठरवावं लागतं की तो रिकामा चालेल का. 'चालणार नाही' असं ठरवलं तर संगणक ती अट काटेकोर पाळतो. विधवेची नोंद अपुरी नसते, पण त्या आराखड्यात तिला जागाच नसते.

मग रिकामा चालू द्यावा, एवढंच ना? तेवढ्यानं भागत नाही. फॉर्म अडला तर निदान बाईला कळतं की अडलंय. रिकाम्या रकान्यानं होणारी चूक कुणाला दिसतही नाही.

समजा पाच महिलांची यादी आहे आणि त्यातल्या दोघींचा पतीचा रकाना रिकामा आहे. दोन्ही तक्ते नेहमीच्या पद्धतीनं जोडून यादी मागितली, तर संगणक फक्त जोडी जुळलेल्या तीन ओळी देतो. कुठलाही इशारा येत नाही, दोन नावं नुसती गळतात. ती राखायची तर 'लेफ्ट जॉइन' वापरावा लागतो, म्हणजे उजवीकडे जोडीदार सापडो न सापडो, डावीकडची प्रत्येक ओळ दाखव.

पुढची गंमत आणखी वाईट आहे. संगणकाला विचारलं, 'ज्यांचा नवरा सरकारी नोकरीत नाही अशा महिला दाखव.' आपण सहज म्हणू, विधवेचं नाव यायलाच हवं. येत नाही. रिकाम्या रकान्याशी, म्हणजे 'नल'शी, केलेल्या तुलनेचं उत्तर 'हो' नसतं आणि 'नाही'ही नसतं, ते 'माहीत नाही' असतं. अशा ओळी यादीबाहेर राहतात. उलटा प्रश्न विचारला तरी ती त्या यादीत नसतेच.

रिकामं म्हणजे नेमकं काय?

तक्त्यांच्या या पद्धतीचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना लिहिलेल्या लेखात घातला. रिकाम्या जागेला एकच खूण पुरत नाही, असं पुढे त्यांनाच वाटलं आणि त्यांनी दोन खुणा सुचवल्या. एक, माहिती असायला हवी पण हाती नाही. दुसरी, ही माहिती इथे लागूच होत नाही. बाजारातल्या डेटाबेसमध्ये मात्र एकच 'नल' टिकला.

लाडकी बहीणच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातली एक अविवाहित महिला असे गट आहेत. यातल्या विधवेचा रिकामा रकाना आणि परित्यक्तेचा रिकामा रकाना दिसायला सारखेच, पण अर्थ वेगळे. विधवेचा नवरा आता नाही. परित्यक्तेचा आहे, त्याचं आधारही आहे, पण तो हिच्या आयुष्यात नाही. मृत्यू दाखला निघतो, घटस्फोटाचा कागदही मिळतो. नवरा सोडून गेल्याचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो?

तिच्यापुढे मग दोनच वाटा उरतात. कोर्टाची पायरी चढायची, नाहीतर सोडून गेलेल्या नवऱ्याला फोन करून ओटीपी मागायचा. महिन्याचे १,५०० रुपये थेट बाईच्या हातात जावेत म्हणून ही योजना आखली आणि त्याची किल्ली त्याच्या मोबाइलमध्ये नेऊन ठेवली.

मग नातं मांडायचं कसं?

सरकारची बाजू अगदीच लंगडी नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, ही योजनेची अट आहे. ती तपासायची तर एकट्या महिलेची माहिती पुरत नाही.

पण मग जोडणी एका पुरुषाशी कशाला? डेटाबेसच्या आराखड्यात असं ऐच्छिक नातं रकान्यात न कोंबता वेगळ्या तक्त्यात ठेवण्याची जुनी रीत आहे. महिला कोण, व्यक्ती कोण, नातं काय, कधीपासून, संपलं असेल तर कधी आणि कशानं. नातं नसेल तर तिथे ओळच नसते. विधवेच्या ओळीत शेवटची तारीख आणि 'मृत्यू' हे कारण येतं, परित्यक्तेच्या ओळीत 'विभक्त'. आणि मृत्यूची नोंद तर सरकारच ठेवतं, तिची प्रत घेऊन विधवेनं अंगणवाडीपर्यंत जायचं हे जरा अजबच.

पासपोर्टच्या बाबतीत हा विचार आधीच झालाय. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव पुरेसं ठरवलं. विभक्त किंवा घटस्फोटित अर्जदारानं जोडीदाराचं नाव द्यायची गरज ठेवली नाही, घटस्फोटाचा हुकूमनामाही मागितला नाही. ५ डिसेंबर २०१८ पासून एकल मातेच्या अपत्याला पॅनच्या अर्जात वडिलांच्या नावाची सक्ती उरली नाही. अर्थात, पासपोर्ट देताना कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं नसतं, त्यामुळे तिथे रकाना सैल करणं सोपं होतं.

कुटुंबाचं उत्पन्न तपासण्यासाठी कुटुंबाचाच तक्ता हवा, आणि तो आपल्याकडे आहे. त्याचं नाव रेशनकार्ड. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार त्यावर घरातली १८ वर्षांवरची सर्वांत ज्येष्ठ महिला कुटुंबप्रमुख असते. तिथे नवरा असला काय, नसला काय, एकटी राहणारी बाईही एक पूर्ण कुटुंब असते. लाडकी बहीणचा पहिला अर्ज भरताना पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाचा दाखला माफच होता.