पाच लाखांचे राष्ट्र आणि सतरा लाखांचे शहर

भूमध्य समुद्रात, सिसिली बेटाच्या दक्षिणेस, माल्टा नावाचे एक चिमुकले राष्ट्र आहे. क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकवस्ती ५ लाख १९ हजार. तेथे बारमाही नदी नाही, जमीन खडकाळ, पिण्यासाठीदेखील समुद्राचे पाणी गोडे करून घ्यावे लागते. लोकांच्या भाषेचे मूळ अरबी, लिपी रोमन आणि बहुसंख्यांचा धर्म रोमन कॅथलिक. इंग्रजांच्या आरमाराची गोदी हा या बेटांचा दीर्घकाळ मोठा आधार होता. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला, १९७४ मध्ये प्रजासत्ताक बनला आणि १९७९ मध्ये इंग्रजी फौज कायमची निघून गेली. त्यानंतर प्रवासी, जहाजांची नोंदणी आणि पेढ्यांचे व्यवहार यांवर त्या लोकांनी आपला प्रपंच नव्याने उभारला.

हा भूगोलाचा पाठ आम्हांस कशासाठी, असे कोणी विचारील. पिंपरी-चिंचवडकरांनी तो आपल्या शहराशी ताडून पाहावा, एवढ्यासाठीच. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९७० मध्ये नगरपालिका आली. १९८२ मध्ये महानगरपालिका. क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर. लोकवस्ती २०११ मध्येच सव्वासतरा लाखांच्या घरात. म्हणजे माल्टाच्या तिपटीहून अधिक माणसे, आणि जागा निम्म्याहून थोडी अधिक! पवना, मुळा व इंद्रायणी अशा तीन नद्या असूनही २०१९ च्या नोव्हेंबरपासून नगरवासीयांवर एक दिवसाआड पाण्याची पाळी आली.

आता राज्यकारभार पाहा. माल्टाच्या पार्लमेंटची मुदत पाच वर्षांची. २०१७ मध्ये तेथे निवडणूक झाली. पुढची २६ मार्च २०२२ रोजी झाली आणि शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी मतदारांनी मत दिले. आमची महानगरपालिकाही २०१७ मध्येच निवडली गेली होती आणि तिची मुदत त्याच मार्च महिन्यात, १३ तारखेस, संपली. मात्र आमचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले! नगरपालिकेची मुदत पाच वर्षेच राहील आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी होईल, असे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्पष्ट सांगितले आहे. आरक्षणाचे व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले हे खरे. परंतु अखेर सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी आज्ञा करावी लागली, ही गोष्ट सरकारास भूषणावह नाही.

कोणी म्हणतात, प्रशासकाच्या हाती कामे झटपट होतात. नगरसेवकांच्या भांडणांपेक्षा ते बरे. प्रशासक कर्तबगार असेलही. परंतु अंदाजपत्रक मांडणाराही तोच, स्थायी समितीही तोच आणि सर्वसाधारण सभाही तोच! एकाच हाताने हिशेब लिहावा आणि त्याच हाताने त्यावर बिनचूक असा शेरा मारावा, अशी वहीखाते कोणता व्यापारी आपल्या दुकानात चालू देईल? मुनीम प्रामाणिक असला तरी मालकाने वही पाहावयाची असते. नगरसेवक वाईट निघाला तर पाच वर्षांनी त्यास घरी बसविता येते. प्रशासकाची बदली मात्र मुंबईच्या मर्जीवर.

खरा दोष आमचाच आहे. पावणेचार वर्षांहून अधिक काळ मतपेटी बंद राहिली. तेवढ्या मुदतीत आम्ही घरपट्टी भरली, पाणीपट्टी भरली, पण आमचा प्रतिनिधी कोठे आहे असे एका आवाजाने विचारले नाही. चाकणच्या भागात तर ग्रामपंचायत, औद्योगिक विकास महामंडळ व महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांपैकी कोणाच्या दारात जावे, याचाच उलगडा सामान्य माणसास होत नाही.

आता १२८ प्रतिनिधी पुन्हा सभागृहात आले आहेत. नागरिकांनी, विशेषतः व्यापारी मंडळींनी, त्यांजकडून प्रशासकाच्या काळातील खर्चाचा प्रभागवार हिशेब मागावा. आणि पुढील मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून निवडणुकीची तारीख सरकारास विचारीत राहावे. समुद्राचे पाणी गोडे करून पिणारे पाच लाख लोक जे वेळेवर करतात, ते तीन नद्यांच्या काठच्या लोकांस अशक्य असावे असे आम्हांस वाटत नाही.