पिवळा रुमाल पडला नाही, म्हणून?

फुटबॉल म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू आणि पायांची करामत उभी राहते. अमेरिकेत त्याच नावाने खेळला जाणारा खेळ मात्र निराळाच आहे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हाताने फेकायचा, छातीशी धरून पळायचे, आणि प्रतिस्पर्ध्याने पळणाऱ्याला अंगाची धडक देऊन जमिनीवर लोळवायचे. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर जाड कवच. एका बाजूच्या अकरा खेळाडूंपैकी बचावाच्या अगदी मागच्या फळीत जे चौघे उभे असतात, त्यांना ‘डिफेन्सिव्ह बॅक’ म्हणतात. लांबून फेकलेला चेंडू झेलायला धावणाऱ्यास अडवणे, हे त्यांचे मुख्य काम. झेलणाऱ्याची नजर आकाशातल्या चेंडूकडे, आणि यांची त्याच्याकडे!

१९७० नंतरच्या दशकात ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाची ही मागची फळी फार गाजली. विली ब्राउन, स्किप थॉमस, जॉर्ज ॲटकिन्सन आणि जॅक टेटम हे ते चौघे. लोक त्यांना ‘सोल पॅट्रोल’ म्हणत. थॉमसला ‘डॉक्टर डेथ’ आणि टेटमला ‘असॅसिन’, म्हणजे मारेकरी, अशी टोपणनावे होती. ही नावे निंदेची नव्हती, कौतुकाची होती, हे ध्यानात घ्यावे. ९ जानेवारी १९७७ रोजी या संघाने मिनेसोटा व्हायकिंग्जला ३२-१४ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. ब्राउनने प्रतिपक्षाचा चेंडू मध्येच टिपून ७५ यार्डांची धाव घेतली, ती याच सामन्यात. कौशल्याच्या दृष्टीने हे चौघे असामान्य होते, याविषयी दुमत नाही.

परंतु कौशल्य कोठे संपते आणि क्रौर्य कोठे सुरू होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होताच. १९७६ साली ॲटकिन्सनने पिट्सबर्गच्या लिन स्वानला, चेंडू दुसरीकडेच असताना, डोक्यावर मागून तडाखा दिला. पिट्सबर्गचे प्रशिक्षक चक नोल यांनी संतापून या खेळातल्या ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’विषयी उद्गार काढले. ॲटकिन्सनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९७७ मध्ये तो हरला.

पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९७८ रोजी, ओकलंडच्या मैदानावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध सामना होता. मोसमापूर्वीचा सरावसामना, ज्याचा निकाल कोणत्याही गुणतक्त्यात धरला जात नाही असा! पेट्रियट्सचा डॅरिल स्टिंग्ली हाताबाहेर चाललेल्या चेंडूसाठी झेपावला आणि समोरून टेटमची जबर धडक बसली. मानेचे मणके मोडले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो खाली कोसळला, तो पुन्हा कधी आपल्या पायांवर उभा राहिला नाही.

या खेळात नियमभंग झाला, की पंच पिवळा रुमाल मैदानात टाकतात. त्या दिवशी रुमाल पडला नाही. तत्कालीन नियमांप्रमाणे ती धडक वैध होती. टेटमची बाजू घेणारे आजही हेच सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण पंचाला विचारलेला प्रश्न वेगळा आणि माणसाला विचारलेला वेगळा. ‘गुन्हा केलास का?’ याचे उत्तर ‘नाही’ असले, तरी ‘तुझ्या धडकेने एक माणूस जन्माचा पांगळा झाला, त्याचे तुला काही वाटते का?’ हा प्रश्न उरतोच. आपण रुग्णालयात गेलो होतो, पण कुटुंबीयांनी भेटू दिले नाही, असे टेटम सांगत असे. तसे असेलही. मात्र त्यानंतर थोड्याच काळात त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या शीर्षकातच ‘असॅसिन’ ही बिरुदावली मिरवत होती! माझ्या मते त्याची खरी चूक धडकेत नसून येथे आहे. त्याच ओकलंड संघाचे प्रशिक्षक जॉन मॅडन वारंवार स्टिंग्लीच्या उशाशी जाऊन बसत. त्यामुळे त्यांनी अपराध कबूल केला, असे काही कोणी म्हटले नाही.

अर्थात एकट्या टेटमला फासावर चढवून बाकीच्यांना मोकळे सोडणे हा निव्वळ ढोंगीपणा होईल. मारेकरी म्हणून टाळ्या कोणी वाजवल्या? पगार कोणी दिला? त्याच १९७८ च्या मोसमापासून चालकांनी एक नियम बदलला. चेंडू फेकला जाण्यापूर्वी झेलणाऱ्याला पहिल्या पाच यार्डांपलीकडे अडवायचे नाही. हेतू काय, तर चेंडू अधिक फेकले जावेत, गुण वाढावेत, सामना रंगावा. चेंडूची काळजी घेणाऱ्यांना मानेची आठवण व्हायला बरीच वर्षे लागली. आज अशा असहाय अवस्थेतल्या खेळाडूच्या डोक्यावर किंवा मानेवर आघात केला, तर १५ यार्डांचा दंड होतो आणि खेळाडूच्या खिशालाही चाट बसते.

पुढे मधुमेहापायी टेटमला एक पाय गमवावा लागला. ते कळल्यावर, दुसऱ्या माणसाच्या अशा दुःखाचा आनंद कोणालाही होऊ शकत नाही, अशा आशयाचे उद्गार स्टिंग्लीने काढले. २००७ साली स्टिंग्ली गेला, २०१० साली टेटम. त्या धडकेनंतर दोघांची समोरासमोर भेट कधीच झाली नाही.