टीडीआर घेणार कोण?

लातूर-नांदेडच्या बिल्डरांना जादा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) दिला की गरिबांची घरे आपोआप उभी राहतील, असे आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. मुंबईत १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला आणि पुढे झोपडपट्टी पुनर्वसनाला त्याचा आधार मिळाला, हे खरे. पण या हक्काला भाव येतो तो मूळ चटईक्षेत्र पुरत नाही तिथेच. आपल्याकडे गुंठेवारीत प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधणारा १.१० चटईक्षेत्र निर्देशांकही पुरता वापरत नाही. आणि मोठ्या बिल्डरला अधिमूल्य भरून वाढीव चटईक्षेत्र मिळतेच की!

पत्रलेखकांनी एक गोष्ट सोडूनच दिली. मोठ्या प्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखण्याची अट डिसेंबर २०२०च्या एकीकृत नियमावलीत आली ती १० लाखांवर वस्तीच्या महापालिकांपुरती. २०११च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा साडेपाच लाखांचे, लातूर पावणेचार लाखांच्या जरा पुढे. म्हणजे दोन्ही शहरे त्या अटीबाहेर.

नांदेडात गरिबांना घरे मिळाली ती जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातल्या बीएसयूपी (शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा) योजनेतून, थेट सरकारी पैशाने. पंतप्रधान आवास योजनेतही स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचे एक लाख मिळतात. गाडी अडते ती जागेच्या कागदापाशी; गुंठेवारीचा प्लॉट नियमित झाल्याशिवाय तो कागद हाती येत नाही. सवलत द्यायचीच असेल तर महापालिकांनी आधी छोट्या प्लॉटधारकांचे गुंठेवारी नियमितीकरणाचे शुल्क कमी करावे.

— एक वाचक, नांदेड