नवा सेट घ्यायचा का?

दोस्तांनो, तुमच्या घरात एखाद्या वस्तूवरून कधी दोन पक्ष पडलेत का? आमच्या घरात गणपतीनंतर पडले. सहावीतले आमचे चिरंजीव एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. वाद होम थिएटरचा. आमचा सेट नऊ वर्षांचा. पाच लहान स्पीकर आणि धमधम करणारा एक सबवूफर, म्हणून त्याला ‘५.१’ म्हणायचं. चिरंजीवांना हवा होता नवा, बत्तीस हजारांचा. मी म्हटलं, “कारण सांग.” शाळेतली बाई घरीसुद्धा बाईच असते, काय करणार!

पहिलं कारण आलं, “नव्यावर हजार वॉट लिहिलंय, आपला पाचशेचाच.” वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही बरं का! तो जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट साधारण दहापट लागतात. आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आहेत तेवढ्यातच शेजारच्या काकू दार वाजवतात.

दुसऱ्या कारणानं मात्र मी गप्प झाले. “आजीला डायलॉग कळत नाहीत. म्हणून ती हल्ली सिनेमाला बसतच नाही.” खरंच की! “तुमचं चालू द्या,” म्हणून आजी आत भाजी निवडत बसतात. मला वाटायचं, त्यांना सिनेमाच आवडत नाही.

मग आम्ही दोघांनी तपास सुरू केला. सिनेमातलं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं. आमचा मधला स्पीकर शोकेसमध्ये, बक्षिसाच्या कपामागे दडलेला. बाहेर काढून कान लावला, तर मुका! सेटच्या पाठीमागे पाहिलं. टीव्ही बदलला तेव्हा आम्ही जुनी लाल-पांढरी वायरच जोडली होती. तिच्यातून डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात. मधल्याच्या वाट्याला काहीच नाही. सेटला ऑप्टिकल केबलची खाच होती, इतकी वर्षं रिकामी. केबल आणली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘डॉल्बी डिजिटल’ निवडलं, आणि मधले महाराज बोलू लागले. खर्च साडेतीनशे रुपये.

आजींना बोलावलं. बरंचसं कळलं त्यांना, पण सगळं नाही. वय वाढतं तसे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांतला नुसत्या हवेचा आवाज त्यातलाच. नुसता व्हॉल्यूम वाढवला तर धमधम वाढते, शब्द पुसट ते पुसटच. म्हणून सबवूफर निम्म्यावर आणला, मधला स्पीकर वाढवला. आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

आजी रागावल्या. “मला बहिरी ठरवताय का?” दोन दिवस माझ्याशी अबोला. शेवटी नातूच त्यांना घेऊन गेला. दोन्ही कानांना यंत्र लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बत्तीस हजारांतले बरेचसे तिकडे जाणार, हा हिशेब चिरंजीवांनी न सांगता केला. तोंड एवढंसं झालं होतं, खोटं कशाला सांगू? नव्या सेटचं चित्र अजून त्याच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं आहे. मीही ते काढायला सांगितलेलं नाही.

परवाच्या रविवारी आजी सिनेमाला बसल्या. कानात नवं यंत्र, हातात मेथीची जुडी. पंधरा मिनिटं झाली असतील, तोच म्हणाल्या, “अरे, जरा कमी कर की तो आवाज!”