बंदुकीचा गंज आणि पहारेकऱ्याची ड्युटी



रोकड वाहणाऱ्या गाडीपाशी, बँकेच्या दारात किंवा स्टेशनात बंदूक घेऊन उभा असलेला माणूस आपण नेहमी पाहतो. त्या बंदुकीची नळी आतून कशी आहे, हे मात्र आपण कधी विचारत नाही. तपासणीच्या दिवशी साहेब येतात, नळी उजेडाकडे धरतात, आत गंज दिसला की पहारेकऱ्याच्या नावाने मेमो निघतो आणि प्रकरण मिटते. आमच्या मते खरे प्रकरण तिथून सुरू व्हायला हवे. गंज का चढला आणि तो काढायला त्या माणसाला वेळ व सामान कोणी दिले होते, याचे उत्तर कोणी द्यायचे?

आपल्याकडे पोलिसांच्या आणि रेल्वेच्या पहाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिली ती ली-एनफिल्ड, म्हणजे सर्वांच्या ओळखीची थ्री-नॉट-थ्री. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत कामगारांच्या हातांनी ती घडली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० साली. एवढा काळ ती टिकली, कारण कोणीतरी खाली बसून ती पुसत होते. या कामाची नोंद कोणत्याही ड्युटी तक्त्यात सापडणे कठीण.

गंजाचे कारण समजून घेतले पाहिजे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटल्यावर त्याचे क्षार नळीत राहतात, ते हवेतील ओल धरतात आणि पोलाद खातात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे काम फार लवकर होते. रॉकेलने किंवा तेलाने नळी पुसली तर ती वरून चकचकीत दिसते, पण क्षार तेलात विरघळत नाही. तो विरघळतो पाण्यात. म्हणून जुने शिपाई गोळीबारानंतर नळीतून कडकडीत पाणी ओतत, ती पूर्ण कोरडी करत आणि मगच तेलाचा हात देत. हे ज्ञान पुस्तकातले नाही, कामातले आहे. ते जाणणारा जुना आर्मरर निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली नाही, की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडलेली बंदूक पुन्हा कामाची करायची, तर घाई चालत नाही. आधी बोल्ट आणि मॅगझिन काढून, चेंबरमध्ये डोळ्याने पाहून ती रिकामी असल्याची खात्री करायची. मग गंजावर पातळ तेल लावून ते मुरू द्यायचे. नळीतला जळका थर सोडवण्यासाठी खास सॉल्व्हंट मिळतात. अमेरिकेत १९०३ पासून विकले जाणारे हॉपीज नंबर ९ त्यांतले प्रसिद्ध. अमोनिया असलेले सॉल्व्हंट गोळीच्या वेष्टनाचे तांबे सोडवते. सॉल्व्हंटची चिंधी फिरवायची, थांबायचे, पितळी ब्रश चालवायचा, पुन्हा कोरडी चिंधी. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हेच चालू ठेवायचे. पुलथ्रू ओढायचा तो चेंबरकडून तोंडाकडे, आणि दोरी तोंडाच्या कडेला घासू द्यायची नाही. ती कड झिजली की नेम बिघडतो. पॉलिश पेपरने घासून लखलखीत करणारा माणूस गंजाबरोबर धातूही काढतो आणि नंबरही पुसतो. पुष्कळदा तपासणीत शाबासकी मात्र त्यालाच मिळते!

लोको शेडमध्ये किंवा गाडीच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे सांगायला नको. यंत्र वरून पुसणे वेगळे आणि त्याची देखभाल वेगळी. देखभालीला वेळ लागतो आणि तो वेळ कामाचा वेळ आहे. बारा तास उभे राहून ड्युटी संपल्यावर घरी जाण्याआधी बंदूक साफ करा, असे सांगणे म्हणजे बिनपगारी ओव्हरटाइम आहे.

आता तब्येतीचे. सॉल्व्हंटऐवजी पेट्रोल वापरण्याची सवय आजही दिसते. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. आगीची भीती वेगळीच. नळीतल्या काजळीत शिसे असते. ते बोटांवरून भाकरीबरोबर पोटात जाते. दारे-खिडक्या बंद असलेल्या शस्त्रागारात, हातमोज्यांशिवाय, बनियनच्या फाटक्या तुकड्याने हे काम करून घेणे हा गुन्हा नव्हे काय?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर पहाऱ्यावरच्या माणसांकडे थ्री-नॉट-थ्री होत्या. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथे शहीद झाले. त्या स्टेशनात पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यानंतर जुनी हत्यारे बदलण्याची मागणी झाली आणि ती रास्तच होती. पण नवे हत्यारही दमट खोलीत तसेच पडून राहिले तर गंजते. खरेदीला पैसा आणि देखभालीला हात आखडता, हा हिशेब आपण रुळांच्या बाबतीतही पाहिलेला आहे.

कोणी म्हणेल, या विषयाशी तुमचा काय संबंध? रेल्वे सुरक्षा दलाच्या १९५७ च्या कायद्यात १९८५ साली दुरुस्ती होऊन ते केंद्राचे सशस्त्र दल झाले. लेखी पूर्वपरवानगीशिवाय त्या जवानाला कामगार संघटनेचे सभासद होता येत नाही. बँकेच्या दारातला कंत्राटी गार्ड, बहुधा माजी सैनिक, कंत्राट जाईल म्हणून गप्प बसतो. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने बोलणे हे संघटनेचे काम आहे. शिवाय ती बंदूक आपल्याच रोकडीवर आणि आपल्याच जिवावर पहारा देते.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. वडिलोपार्जित बंदूक घरात सापडली तर हौसेने दुरुस्तीला बसू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि बंदूक बाळगायलाही परवाना लागतो. आधी पोलीस ठाण्यात कळवा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. शस्त्रसफाईचा वेळ ड्युटीतच धरावा. आर्मररच्या रिकाम्या जागा भराव्यात. योग्य सॉल्व्हंट, तेल, ब्रश, हातमोजे आणि हवेशीर खोली द्यावी. आणि हे सर्व दिले नसेल, तर गंजाचा मेमो पहारेकऱ्याला देऊ नये. आपापल्या शाखेच्या पुढच्या सभेत हा ठराव मांडा आणि मंजूर झालेली प्रत आमच्याकडे पाठवा.