पिवळी बस आणि झेडपीची शाळा

सकाळी पावणेसातला भिगवणच्या चौकात उभे राहिले, की पिवळ्या बसगाड्यांची रांग लागते. काही बारामतीकडे वळतात, काही आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून पोरे गोळा करतात. त्यातल्या एका बसमध्ये तिसरीतला माझा नातू असतो. त्याला बसवून देण्याचे काम माझे. आणि मी कोण, तर जिल्हा परिषदेच्या शाळांतून तीस वर्षे खडू झिजवून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक. आता हसायचे असेल त्याने हसावे!

गेल्या महिन्यात त्याला घेऊन मासळीबाजारात गेलो होतो. अडीच किलो चिलापी, एकशेवीस रुपये किलो. ‘किती झाले रे?’ म्हणून विचारले, तर तो बोटे मोडत बसला. तराजूमागच्या मावशींची मुलगी पाण्याचा हात फ्रॉकला पुसत म्हणाली, ‘तीनशे, आजोबा.’ ती झेडपीच्या शाळेत चौथीला आहे. खरे सांगतो, मला आनंद झाला. घरी येऊन तो मुलाला ऐकवलाही.

मुलगा शांतपणे म्हणाला, ‘अण्णा, गणित मलाही तुमच्या शाळेनंच दिलं. पण अकरावी सायन्सला गेलो, तेव्हा फिजिक्सच्या तासाला महिनाभर मला अक्षर कळलं नाही. त्वरण म्हणजे अ‍ॅक्सलरेशन हे सांगायला कुणी नव्हतं. माझं जे झालं ते याचं नको.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आपण मातृभाषेचे गोडवे गातो ते दहावीपर्यंत. पुढे विज्ञानाच्या वर्गाचे दार इंग्रजीतच उघडते. त्या दारापलीकडची गर्दी तर विचारू नका. ५ मे २०२४ रोजी ‘नीट’ला देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या पुढे आणि परवडणाऱ्या सरकारी जागा त्यातल्या निम्म्याच्या आसपास. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा जागा वाढल्या हे खरे. पण त्यांची फी भिगवणच्या शेतकऱ्याला ऊस विकून भागणारी नाही. बारावीची ही धास्ती पायरी पायरीने खाली उतरत आता बालवाडीपर्यंत आली आहे. पालकांना दोष देणारे अग्रलेख मीही पुष्कळ वाचले. त्यांच्या लेखकांची मुले कुठे शिकतात, हे मात्र त्यात कधी छापून येत नाही.

पण बसमध्ये बसवले की प्रश्न सुटतो का? खाजगी शाळांत शिकवणाऱ्या दोन-तीन मुली माझ्याच विद्यार्थिनी. पगाराच्या कागदावर एक आकडा, हातात दुसरा, आणि वर्ष संपले की नोकरीची खात्री नाही. झेडपीच्या गुरुजींना पगार नीट मिळतो, पण वर्गात बसायला वेळ मिळत नाही. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती! साठपर्यंत पट असेल तर कायद्याने शिक्षक दोन, म्हणजे चार इयत्तांना दोन माणसे. त्यात भरतीची अब्रू २०२१ मध्ये उघड झालेल्या टीईटी घोटाळ्याने घालवली; सात हजार आठशेवर उमेदवारांवर कारवाई करावी लागली. हे आमच्याच बिरादरीत घडले, म्हणून अधिक लागते.

तरीही भीमेपलीकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आपल्या पुणे जिल्ह्यात वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावत. मग अशा शाळा तालुक्याला दहा का होत नाहीत? माझ्या अनुभवात, शाळा एका माणसाच्या खांद्यावर उभी असते आणि त्याची बदली झाली की ती दोन वर्षांत खाली बसते. खात्याला बदली ठाऊक असते, जोपासना नव्हे.

सरकारचा स्वतःच्या शाळांवर किती विश्वास आहे, तेही कळेनासे झाले आहे. खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागा गरिबांच्या मुलांना २००९ च्या कायद्याने दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारी शाळा जवळ आहे, हे कारण गरिबालाच तेवढे सांगायचे. माझ्या घरापासूनही ती चालत सात मिनिटांवर आहे, पण मला कुणी अडवले नाही.

जूनच्या आत ठरवायचे आहे. झेडपीत आता सेमी इंग्रजी आहे, चौथीच्या बाई चांगल्या आहेत, असे मी घरात सुचवून पाहिले. सूनबाई म्हणाल्या, ‘अण्णा, बाई चांगल्या आहेत हो. पण त्यांची बदली झाली तर?’

तूर्त मी रोज संध्याकाळी नातवाला पावकी-निमकी शिकवतो. परवा चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवत मासळीवाल्या मावशींना म्हणालो, ‘रविवारी मुलीला पाठवत जा, थोडं इंग्रजी घेतो.’ त्यांनी आधी फी किती ते विचारले.